मोटारीतील पेट्रोलची गळती : ती शोधावी कशी?



मंडळाच्या व्याख्यानमालेत इतिहास, कायदा, शिक्षण अशा विषयांवर बोलणारी अभ्यासू मंडळी येत असतात. आम्हांला मात्र कार्यकर्त्यांनी बजावून सांगितले की, या खेपेस काही हाताशी येणारे बोला. आपल्या वस्तीतील कितीतरी मुले गाड्या चालवितात, काही गॅरेजात काम शिकतात, कोणी हप्त्यावर गाडी घेऊन शाळेच्या मुलांची ने-आण करतो. आम्ही बँकेतील लिपिक, शिक्षण कलाशाखेचे. यंत्रशास्त्राची पदवी आमच्याजवळ नाही. परंतु जुन्या गाड्या सांभाळताना आणि काउंटरवर बसून वाहनकर्जदारांची गाऱ्हाणी ऐकताना या एका विषयाकडे आमचे लक्ष गेले, त्यावर आम्ही थोडे वाचले, कारागिरांना विचारले, आणि जे पडताळून पाहता आले तेवढेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे दिसतात. एक म्हणतो, ‘जुनी गाडी आहे, वास यायचाच,’ आणि काच खाली करून पुढे जातो. दुसरा सरळ गॅरेजात जाऊन सांगतो, ‘कार्ब्युरेटर बदला,’ किंवा गाडी नवी असेल तर ‘इंजेक्टर साफ करा.’ पहिल्याला आगीचे भय नाही आणि दुसऱ्याला पैशाची किंमत नाही, असे म्हणावे लागेल. गळती कोठे आहे हे ठरविल्याशिवाय एकही भाग बदलू नये, हे आमचे म्हणणे. आणि ते ठरविण्यासाठी बहुतेक वेळा किमती यंत्र लागत नाही. नाक, डोळे, एक वर्तमानपत्र, एक हातबत्ती आणि थोडा धीर पुरतो.

पैशाचा हिशेब आधी सांगतो, कारण तो सर्वांना लवकर पटतो. मुंबईत पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांची पातळी मे २०२१ च्या अखेरीस ओलांडली. मिनिटाला एक मिलिलिटर, म्हणजे चमच्याच्या टोकाएवढे पेट्रोल जरी झिरपत असले, तरी तासाला साठ आणि चोवीस तासांत एक हजार चारशे चाळीस मिलिलिटर होते. जवळजवळ दीड लिटर! आणि एवढे जाऊनही जमिनीवर डबके दिसेलच असे नाही, कारण पेट्रोल गरम लोखंडावर पडले की उडून जाते.

या उडून जाण्यातच खरा धोका आहे. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. आणि शून्याखाली सुमारे चाळीस अंशांपर्यंत थंडी असली तरी पेट्रोल पेटण्याजोगी वाफ सोडतच राहते. मग आपल्या उन्हाळ्याची गोष्टच नको. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर निघून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात, गटारात, गॅरेजच्या कोपऱ्यात साचून राहते. हवेत शंभरात दीड भाग एवढी वाफ मिसळली तरी ठिणगीला ती पुरे होते. म्हणूनच ज्या मोरीशेजारी किंवा जिन्याखाली गाडी लावलेली असते, तेथे दहा फुटांवर कोणी स्टो पेटविला तरी आग उलट गाडीपर्यंत चालत येऊ शकते.

सबब शोधाचा पहिला नियम असा की, वास आला की गाडी बंद करावी आणि ढकलून उघड्यावर आणावी. सेल्फ मारून बाहेर काढू नये, कारण सेल्फलाही ठिणगी असते. विडी-सिगारेट तर नाहीच, पण आमचे पुष्कळ ड्रायव्हर बंधू सकाळी गाडीत उदबत्ती लावतात, त्या दिवशी तीही लावू नये. बॉनेट उघडून वाफ जाऊ द्यावी, इंजीन पूर्ण थंड होऊ द्यावे. वायरीला लोंबणारा काचेचा बल्ब खाली घेऊन गाडीखाली शिरण्याची पद्धत गॅरेजांतून अजून दिसते. तो बल्ब फुटला आणि त्यावर दोन थेंब पडले की पुढचे सांगावयास नको. बॅटरीवरची हातबत्ती वापरावी आणि ती गाडीपासून दूर असतानाच चालू करावी. बॅटरीची ऋण तार काढण्याचा सल्ला सगळेच देतात, तो बरोबर आहे. परंतु तार काढतानाच ठिणगी उडते हे कोणी सांगत नाही. म्हणून आधी वाफ जाऊ द्यावी, मग तार काढावी. आणि जवळ पाण्याची बादली नव्हे, तर कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे किंवा निदान वाळू ठेवावी. पेट्रोल पाण्यावर तरंगते, पाणी ओतल्याने आग विझण्याऐवजी पसरते.

आता पेट्रोलचा रस्ता समजून घेऊ. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत मागे टाकी, टाकीतून गाडीच्या पोटाखालून पुढे येणारी नळी, वाटेत गाळणी म्हणजे फिल्टर, इंजिनाच्या अंगाला बसविलेला पंप, आणि पंपातून कार्ब्युरेटर असा हा मार्ग असे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी अशाच रचनेची. ती टॅक्सी म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून कायमची गेली. सुरुवातीच्या मारुती ८०० देखील कार्ब्युरेटरच्याच. ती गाडी डिसेंबर १९८३ मध्ये आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २००० सालाच्या आसपास धुराचे नियम कडक झाले तसे आपल्याकडील मोटारींत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आले. त्यांत पंप टाकीच्या आतच बुडालेला असतो. तेथून दाबाखाली पेट्रोल नळीतून पुढे येते, इंजिनावरच्या एका आडव्या नळीत म्हणजे रेलमध्ये शिरते आणि तेथून प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरला मिळते.

या दोन रचनांतला फरक ज्याला कळला त्याला अर्धी गळती सापडली असे आम्ही मानतो. जुन्या गाडीत पंप पुढे असतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत इंजीन चालू असताना दाब नसतो, उलट ओढ असते. त्या भागात नळीला बारीक चीर पडली तर चालत्या गाडीत पेट्रोल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. गाडी चढावर दम तोडते, झटके देते, आणि मालक म्हणतो, पेट्रोलमध्ये भेसळ आहे. गाडी बंद करून ठेवली, आणि ती चीर टाकीतल्या पेट्रोलच्या पातळीपेक्षा खाली असली, की मग मात्र थेंब पडू लागतात. त्यामुळे इंजीन चालू ठेवून गाडीखाली कितीही पाहिले तरी ही गळती दिसत नाही. ती बंद गाडीत, रात्रीतून शोधावी लागते.

नव्या गाडीत याच्या उलट. पंप मागे असल्याने सबंध नळीत दाब असतो, आणि तोही जुन्या पंपाच्या दहापट तरी, साधारण तीन बार. म्हणून तेथील गळती इंजीन चालू असतानाच जोर धरते आणि बारीक कारंजासारखी उडते. येथे एक सोय आहे. किल्ली फिरवून फक्त ‘ऑन’वर आणली, सेल्फ मारला नाही, तरी मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद घुंई असा आवाज येतो. पंप नळीत दाब भरीत असतो. वाफ गेलेली असावी, इंजीन थंड असावे, एकाने किल्ली फिरवावी आणि दुसऱ्याने बॉनेटपाशी उभे राहून रेल, जोड आणि इंजेक्टरच्या बुडाकडे पाहावे. चार-पाच वेळा असे केले की ओल दिसते. पंखा फिरत नाही, पट्टा फिरत नाही, गरम काही नाही. शोध घेण्यासाठी याहून निर्धोक वेळ नाही. मात्र वास जबर असेल, किंवा उघड्या डोळ्यांना धार दिसत असेल, तर किल्लीला हात लावू नये. तेव्हा शोध आटोपलेलाच असतो.

परंतु गाडीला हात लावण्यापूर्वी स्वतःला काही प्रश्न विचारावेत. वास नेमका कधी येतो? टाकी पूर्ण भरल्यावर दोन दिवस येतो आणि मग थांबतो काय? तसे असेल तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला असतो : भरण्याच्या नळीचा रबरी जोड, झाकणाचे वॉशर, टाकीची हवा खेळती ठेवणारी बारीक नळी. पुढे इंजिनाकडे पाहून उपयोग नाही. वास गाडीच्या आत, मागच्या सीटवर बसणाऱ्यालाच येतो काय? मग सीट उचलून पाहावी. बऱ्याच गाड्यांत तेथे एक झाकण असते आणि त्याखाली पंपाचे किंवा पेट्रोलच्या काट्याचे पॅकिंग असते. ते सुकून चिरते. वास गाडी थांबविल्यावर पाच-दहा मिनिटांनी येतो काय? कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनाच्या धगीने वाटीतले पेट्रोल उकळून थोडा वास येतो, उन्हाळ्यात तो काही अंशी स्वाभाविक असतो. पण रोज येत असेल आणि गरम इंजीन पुन्हा सुरू करताना सेल्फ फार वेळ मारावा लागत असेल, तर वाटी भरून वाहत आहे असे समजावे. सकाळी पहिल्यांदा बॉनेट उघडल्यावर येतो काय? मग रात्रीतून काही झिरपले. ही उत्तरे चालकाजवळ असतात, मेकॅनिकजवळ नसतात. गाडी रोज तो चालवितो.

सीएनजीच्या गाड्या आता खूप झाल्या, त्यांच्याबद्दल एवढेच की तेथे दोन वास असू शकतात. गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो, म्हणजे तो गळला की कळावा. हा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. पेट्रोलची वाफ खाली बसते. गॅसच्या जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहतात, ती रीत पेट्रोलला लागू नाही. आणि सिलिंडरच्या जोडांना गॅसचे काम जाणणाऱ्याखेरीज कोणी पाना लावू नये.

प्रत्यक्ष पाहणीस सुरुवात करताना जुने वर्तमानपत्र गाडीखाली पसरावे, पुढच्या चाकांपासून मागच्या टाकीपर्यंत, आणि त्यावर पेनाने खुणा कराव्यात : हे पंपाखाली, हे फिल्टरखाली, हे टाकीखाली. सकाळी पेट्रोल उडून गेलेले असेल, पण कागदावर सुरकुतलेला गोल डाग राहतो. गाडीखाली दिसणारे प्रत्येक पाणी पेट्रोल नसते. एसीचे पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे, इंजिनाचे ऑइल काळे आणि चिकट, रेडिएटरचे पाणी रंगीत, ब्रेकचे ऑइल चाकाजवळ. हे ओळखण्यात एक पैसाही लागत नाही, आणि पाण्याच्या डागाला पेट्रोल समजून घाबरलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

डाग सापडला म्हणजे गळती सापडली असे मात्र नव्हे. द्रव पदार्थ उतारावरून, वायरीवरून, चासीच्या कडेवरून वाहत जातो आणि भलत्याच ठिकाणी थेंब सोडतो. त्यातून गाडी धावत असली तर वारा त्याला मागे ढकलतो. म्हणून ओल जेथे संपते तेथून वर आणि पुढे जावे. सर्वांत वरची ओली जागा हीच संशयाची जागा. येथे पेट्रोलचा एक गुण आपल्या कामी येतो. ऑइल गळले की धूळ चिकटून जागा घाण होते. पेट्रोल धूळ धुऊन काढते. मळकट इंजिनावर एखादी स्वच्छ रेघ दिसली की ती रेघ वर कोठे जाते ते पाहावे. काही दिवसांची गळती असेल तर तेथे पिवळसर-तपकिरी, वार्निशासारखा थर धरलेला असतो. ओल फार पसरलेली असेल तर तो भाग पुसून कोरडा करावा, त्यावर खडूची भुकटी किंवा अंगाला लावायची पावडर हलकेच भुरभुरावी आणि थोड्या वेळाने पाहावे. पहिली रेघ उमटते तेथे बोट ठेवावे.

आणि रबरी नळ्या. आमच्या मते सर्वांत अधिक गळत्या येथेच असतात आणि सर्वांत कमी पाहिल्या जातात, कारण त्यांत गॅरेजवाल्याला मिळकत नाही. नळी सरळ असताना चांगली दिसते. ती बोटांनी वाकवून पाहावी, चिरा लगेच उघडतात. क्लिपजवळची दोन बोटे जागा नीट पाहावी. क्लिप फार आवळली की तीच नळीला कापते. पुष्कळ ठिकाणी पेट्रोलच्या नळीऐवजी पाण्याची पारदर्शक प्लॅस्टिक नळी बसवून दिलेली आढळते. ती काही महिन्यांत लाकडासारखी कडक होते आणि जोडातून सुटते. उंदरांचाही उल्लेख केला पाहिजे. पावसाळ्यात ते बॉनेटखाली आसरा घेतात आणि वायरीप्रमाणे नळ्याही कुरतडतात. त्यावर तंबाखूची पाने बांधण्याचा उपाय लोक करतात, त्याने उंदीर कितपत पळतात याबद्दल आम्हांला शंका आहे.

रबराचा विषय निघाला म्हणून एक नवी गोष्ट. ६ फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर शंभरात वीस भाग इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले, आणि २०३० सालासाठी ठरविलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. हे इथेनॉल काही अंशी उसापासून, आपल्याही साखर कारखान्यांतून येते. ते चांगले की वाईट हा वाद येथे नको. पण एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर व पॅकिंग या मिश्रणाला धरून बनविलेले आहे. त्याहून जुन्या, विशेषतः कार्ब्युरेटरच्या काळातील गाड्यांचे रबर तसे नाही. ते फुगते, मऊ पडते किंवा चिरते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे पडून राहिलेल्या गाडीची टाकी आतून गंजू लागते. ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांनी सगळ्या रबरी नळ्या एकदा बदलून घ्याव्यात, आणि मागताना पेट्रोलची, इथेनॉल सोसणारी नळी असे स्पष्ट मागावे.

आता जी गळती बाहेर दिसतच नाही तिच्याविषयी. आमच्या शाखेतील आम्ही चौघांनी मिळून एक १९९७ सालची लहान गाडी वापरलेली घेतली होती. आमच्यापैकी एकाला डायरी लिहिण्याची सवय. किती लिटर भरले, किती किलोमीटर झाले, सर्व तारीखवार. २०११ च्या पावसाळ्यात त्याच्या लक्षात आले की लिटरला पंधरा देणारी गाडी अकरावर आली आहे. वासही येत होता, पण खाली कागद घातला तर कोरडा. एका गॅरेजने कार्ब्युरेटर उघडून नवीन किट बसविले, ट्यूनिंग केले, पैसे घेतले. पुढच्या दोन टाक्यांत डायरीने पुन्हा अकराच दाखविले. आमच्या गल्लीत वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फिटर काका राहत. त्यांनी गाडी पाहिली, बॉनेट उघडले आणि कशालाही हात न लावता ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होते. काकांनी ती पट्टी आमच्या नाकाशी धरली आणि म्हणाले, ‘‘अरे, गाडीत ऑइल कमी होतं रे बाबांनो, वाढत नाही. हे वाढलं कुठून?’’

जुन्या पंपात एक रबरी पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनाचा दांडा त्याला खाली-वर हलवितो आणि पेट्रोल ओढले जाते. पडद्याच्या एका बाजूस पेट्रोल, दुसऱ्या बाजूस इंजिनाचे पोट. पडदा फाटला की पेट्रोल बाहेर यावे म्हणून पंपाच्या अंगाला बारीक छिद्र ठेवलेले असते. आमच्या पंपाचे छिद्र वंगण आणि धूळ यांनी बुजलेले होते. त्यामुळे पेट्रोल बाहेर न येता सरळ खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरत होते. चार किलोमीटरचा फरक तेथे साचत होता.

आम्हां बँकेतल्यांना ही गोष्ट चटकन समजली. दिवसाअखेर कॅश कमी भरली की सगळी शाखा धावते. जास्त भरली की एखाद्याला बरे वाटते. पण जास्त भरणे हाही फरकच असतो, आणि तो कोणाच्या तरी खात्यातून आलेला असतो. पट्टीवर ऑइल वाढलेले दिसले की गाडी चालवू नये. पेट्रोलने पातळ झालेले ऑइल बेअरिंगना धरून राहत नाही आणि इंजीन आतून झिजते. शिवाय चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. पंप बदलून भागत नाही, ऑइल आणि त्याचा फिल्टरही त्याच दिवशी बदलावा लागतो. आम्ही दोन्ही केले. पंपाला कार्ब्युरेटरच्या किटपेक्षा कमी पैसे पडले.

नव्या गाडीतही ऑइलमध्ये पेट्रोल उतरू शकते, मात्र वाट वेगळी. इंजेक्टरचे तोंड नीट बंद होत नसेल तर गाडी थांबल्यावर रेलमधला दाब हळूहळू सिलिंडरमध्ये गळतो. खूण अशी की गरम गाडी दहा-पंधरा मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करताना सेल्फ लांब मारावा लागतो आणि सुरू होताच काळा धूर व कच्च्या पेट्रोलचा वास येतो. येथे दाबाचा गेज लावणारा मेकॅनिक हवा. गाडी बंद केल्यावर गेजचा काटा बराच वेळ टिकला पाहिजे. तो भराभर उतरत असेल तर रेलकडे येणारी नळी चिमटून पुन्हा पाहतात. चिमटल्यावर काटा टिकला तर दोष मागे, पंपाच्या झडपेत. तरीही उतरला तर इंजेक्टरमध्ये. काही गाड्यांत रेलवरच दाब नियंत्रित करणारी डबी असते, तिला इंजिनाकडून एक बारीक हवेची नळी येते. ती नळी काढून पाहावी. तिच्यात पेट्रोलची ओल असली तर डबीतला पडदा फाटला, दुसरा पुरावा नको. एवढी तपासणी न करता चारही इंजेक्टर बदलण्याचा अंदाज देणाऱ्याला हात जोडून नमस्कार करावा.

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी थोडे. वाटी भरून वाहते ती बहुधा निडल व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकल्याने किंवा फ्लोट फुटल्याने. पितळी फ्लोट काढून कानाशी हलवावा, आत पेट्रोल डुचमळले तर तो बुडालेला आहे. रस्त्यात वाटीला पेचकसाच्या मुठीने हलके ठोकले तर कचरा सुटून गळती थांबते कधी कधी. ही वेळ मारून नेण्याची युक्ती आहे. टाकीच्या भोकाला कपड्याचा साबण चोपडणे हीदेखील तशीच. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून तो टिकतो, पण घरी पोहोचण्यापुरताच.

डिझेलच्या नव्या गाड्यांबद्दल एक धोक्याची सूचना देतो. त्यांच्या रेलमधला दाब पेट्रोलच्या गाडीसारखा तीन नसतो, हजार बारच्या वर जातो. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून येणारी धार दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते आणि काही तासांत बोट गमावण्याची पाळी येते. चालू इंजिनात हात फिरवून गळती चाचपू नये. लांब दांडीला पुठ्ठा बांधून तो फिरवतात. आणि असे कोणाला झालेच, तर दुखत नसले तरी सरळ मोठ्या इस्पितळात न्यावे आणि दाबाने डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांना स्वच्छ सांगावे.

आमच्या समोर गॅरेजात शिकणारी चार-सहा मुले बसलेली दिसतात, त्यांच्याकडे पाहून पुढचे बोलतो. टाकीला भोक सापडले की मालक म्हणतो, टाकी रिकामी कर आणि वेल्डिंगवाल्याकडे ने. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे स्फोटाला हवे तसे मिश्रण तयार असते, आणि सांध्यांत दडलेले चार थेंब धुतल्यावरही वाफ देत राहतात. वेल्डिंगची ज्योत लागताच ती बॉम्बसारखी फुटते. अशी टाकी घेऊन जाण्यास मुलांनी साफ नकार द्यावा, नोकरी गेली तरी चालेल. टाकी बदलण्याचा खर्च मालकाने सोसावा. तसेच तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढू नये. घोट पोटात गेला तर उलटी करवू नये, कारण वर येताना ते फुप्फुसात शिरते आणि खरे नुकसान तेथे होते; तडक दवाखान्यात न्यावे. हात धुवायला पेट्रोल वापरणे, आणि त्याच हातांनी डबा उघडणे, हे तर आता बंद व्हावे. आणि इंजेक्टरच्या गाडीची नळी उघडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे नळीतला दाब उतरतो. नाहीतर पहिला फवारा डोळ्यांत. पण हे नळी धडकी असताना. गळत्या गाडीत इंजीन चालवू नये. तेथे फ्यूज काढून गाडी काही तास थंड होऊ द्यावी आणि जोडावर जाड फडके गुंडाळून तो हळूहळू सैल करावा.

मालकांनी गॅरेजात काय बोलावे? भागाचे नाव घेऊ नये, लक्षण सांगावे. ‘टाकी भरल्यावर मागे वास येतो, दोन दिवसांनी जातो.’ ‘सकाळी फिल्टरखाली कागदावर डाग असतो.’ असे बोलले की चांगला मेकॅनिक खूश होतो, कारण त्याचे निम्मे काम झालेले असते. आणि लबाड मेकॅनिक सावध होतो. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि तो कोठे फाटला आहे हे दाखविण्यास सांगावे. फाटलेला नसेल तर गळती तेथे नव्हती.

काम झाल्यावर लगेच पैसे देऊन निघू नये. इंजीन दहा मिनिटे चालू ठेवावे, बंद करावे, पुन्हा दहा मिनिटांनी हातबत्ती घेऊन तोच जोड पाहावा. रात्री खाली नवा कागद घालावा. आठवड्यात एकदा टाकी गळ्यापर्यंत न भरता, पंपाचा नोझल पहिल्यांदा थांबेल तेवढीच भरावी आणि मागे वास घ्यावा. आणि पुढच्या दोन टाक्यांचे लिटर आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवावेत. आमची ती गाडी दुसऱ्या टाकीला पुन्हा पंधरावर आली. ती डायरी आम्ही आज बरोबर आणलेली आहे. ज्यांना रकाने कसे आखावेत हे पाहावयाचे असेल त्यांनी कार्यक्रमानंतर यावे.